'द स्पॉइल्स ऑफ वॉर' : लढाई पटते, मग शेवटचा क्लिफहँगर का खटकतो?

अंबारी (धागाकर्ता)

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या सीझनमधला चौथा भाग, ६ ऑगस्ट २०१७ ला आलेला. दिग्दर्शक मॅट शॅकमन. ५० मिनिटांचा, म्हणजे अख्ख्या मालिकेतला सगळ्यात छोटा भाग, आणि तरी लढाई म्हणून माझ्या मते सगळ्यात नीट रचलेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड आहे.

माझा मुद्दा असा. राणी डेनेरिस तिचा ड्रॅगन ड्रोगॉन आणि दोथ्राकी घोडेस्वार घेऊन राजधानीतल्या राणी सर्सीच्या सैन्याच्या रसदीच्या तांड्यावर हल्ला करते, आणि तो हल्ला स्वतःचे नियम पाळतो. ड्रॅगन आहे हे एकदा मान्य केलं की पुढची प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघते. सर्सीच्या बाजूचा सरदार रँडिल टार्ली सुरुवातीलाच सांगतो की रांग फार लांबली आहे, उरलेले गाडे अंधार पडायच्या आत ब्लॅकवॉटर नदीपलीकडे जायला हवेत. सोनं राजधानीत पोचलं आहे, मागे धान्य राहिलं आहे. मोठा बाण फेकणारं यंत्र, स्कॉर्पियन, दोन भाग आधी ड्रॅगनच्या कवटीवर चालवून दाखवलेलं आहे. म्हणजे धोका, कमकुवत जागा आणि हत्यार, तिन्ही आधीच मांडून ठेवलेली.

आणि मग शेवटचं मिनिट. सर्सीचा भाऊ आणि सेनापती जेमी भाला घेऊन डेनेरिसवर घोडा घालतो, ड्रोगॉन तोंड उघडतो, जेमीचा साथीदार ब्रॉन त्याला पाण्यात पाडतो, आणि चिलखतासह जेमी खोल काळ्या पाण्यात बुडताना भाग संपतो. १३ ऑगस्टच्या पुढच्या भागात, 'ईस्टवॉच'मध्ये, दोघं पलीकडच्या काठावर वर येतात, खोकतात, बोलतात. जे चिलखत त्याला बुडवणार होतं त्याचं काय झालं, याचं उत्तर दाखवलेलंच नाही. क्लिफहँगरमध्ये, म्हणजे ऐन उत्कंठेत भाग तोडताना, प्रेक्षकाला जी अडचण दिली, तीच अडचण पुढच्या भागात सोडवायला हवी. ती नुसती गाळून टाकली तर मागची लढाईही उगाच हलकी होते.

तुमची मतं तपशिलात हवी आहेत. 'ड्रॅगन चालतो तर हे का चालत नाही' हा मुद्दा कृपया टाळा. ड्रॅगनचा नियम मालिकेने सांगितला आहे, पाण्याचा नियम तिने बदललेला नाही.

---

रिकीब

घोडदळापासून सुरुवात करतो, कारण लोकांचा पहिला आक्षेप तिथेच असतो : भाले रोखलेल्या ढालींच्या भिंतीवर दोथ्राकी घोडे घालतात हे मूर्खपणाचं आहे.

आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. घोडा टोकदार भिंतीत स्वतःहून शिरत नाही, शेवटच्या काही हातांवर वळतो किंवा थांबतो. १८१५ मध्ये वॉटर्लूला फ्रेंच सेनापती नेच्या घोडदळाने ब्रिटिश पायदळाच्या चौकोनांभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, चौकोन फुटले नाहीत. उलट २३ जुलै १८१२ ला स्पेनमधल्या गार्सिया एर्नांदेसला फ्रेंच चौकोन फुटला, तो कसा? जखमी झालेला एक घोडा स्वारासकट वेगाने रांगेवर कोसळला, तिथे खिंडार पडलं आणि मागचे स्वार त्यातून आत घुसले. म्हणजे घोडदळाला आधी भोक लागतं.

या भागात ते भोक ड्रोगॉन पाडतो. फ्रेम क्रमाने पाहा. दोथ्राकी धावत येतात, भालाईत रांग लावतात, आणि टक्कर व्हायच्या आधी ड्रोगॉनची आग रांगेच्या मधला पट्टा साफ करते. स्वार त्या पट्ट्यातून आत जातात. एकदा आत गेल्यावर लांब भाला निरुपयोगी, कारण तो वळवायला जागा नाही, आणि आराख ही दोथ्राकींची वाकडी तलवार वरून खाली चालवायला सोपी. आधी मारा करून रांग मोडायची आणि धूर खाली बसायच्या आत स्वार घालायचे, ही खऱ्या युद्धातली पद्धत आहे. माझ्या लेखी हा भागातला सगळ्यात पटणारा निर्णय.

खटकतं ते एवढंच की रांग फार पातळ आहे. पण ते पुढच्या प्रतिसादकांवर सोडतो, कारण त्याचं कारण रसदीत आहे.

---

कोठीवाला

रिकीब, रांग पातळ का, याचं गणित मांडतो.

दोन घोड्यांचा एक गाडा आणि पुढच्या गाड्यापर्यंतचं अंतर मिळून साधारण १२ मीटर रस्ता खातो. ५०० गाडे एका ओळीत म्हणजे ६ किलोमीटर. भरलेला गाडा ताशी ३-४ किलोमीटर चालतो. बिनीचा गाडा नदीवर पोचल्यापासून चंदावलीचा, म्हणजे शेवटचा, पोचेपर्यंत दीड ते दोन तास, आणि त्यात उतार किंवा पूल आला की त्याहून जास्त. पायदळ या ६ किलोमीटरवर विखुरलेलं. हल्ला कुठेही झाला तरी त्या जागी पहिल्या पंधरा मिनिटांत जेवढे हजर तेवढेच लढणार. रँडिल ढिलाई करणाऱ्यांना फटके मारायची परवानगी मागतो, ती क्रूरपणापायी नाही, याच गणितापायी.

आता टेहळणी. चांगल्या सेनापतीने ४-५ किलोमीटरवर स्वार ठेवायला हवे होते, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण ते ठेवले असते तरी? घोडदळ ताशी २० किलोमीटरने येतं असं धरलं तर ५ किलोमीटरची सूचना म्हणजे १५ मिनिटं. टोकाचा सैनिक मध्यावर यायला ३ किलोमीटर, चिलखत-ढालीसह धावत-चालत अर्धा तास. सूचना मिळूनही निम्मं सैन्य उशिराच पोचतं. लांबलेल्या तांड्याला खरा उपाय एकच, गाडे आतल्या बाजूला घेऊन आटोपशीर आकार करणं, आणि तो आकार चालताना टिकत नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांनी बुणगे आणि सामान मध्ये घेऊन गोलाने सरकायचं ठरवलं होतं. गोल फुटला आणि पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. डेनेरिस धान्य का जाळते? तिला स्वतःच्या माणसांना खायला घालायचं आहे. घोड्याला दिवसाला ४-५ किलो दाणा, साधारण तेवढीच वैरण आणि ३० लिटरच्या आसपास पाणी लागतं. ५,००० घोडे धरले तर रोज २०-२५ टन दाणा झाला. एका गाड्यात ६०० किलो माल म्हणजे रोज सुमारे ४० गाडे फक्त घोड्यांना. असे गाडे आयते समोर उभे असताना जो पक्ष ते जाळतो, तो शत्रूला उपाशी मारतो हे खरं, पण स्वतःच्या कोठीलाही आग लावतो. राजधानीत धान्य जाऊ न देणं हा हेतू असेल तर गाडे ओढणारे घोडे मारले की पुरतं. गाडे जागेवर राहतात, नंतर ताब्यात घेता येतात.

---

नेमबाज

कोठीवाला यांचा मुद्दा चोख आहे, एक भर घालतो : पोत्यात घट्ट भरलेलं धान्य सहजी जळत नाही. बाहेरचा थर करपतो, आत हवा पोचत नाही. ताडपत्री, लाकूड, चाकं जळतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बराच माल वेचता आला असता. मालिकेने ते दाखवलं नाही एवढंच.

आता स्कॉर्पियन. यावर लोक दोन टोकांना जातात, 'अशक्य' किंवा 'एवढा मोठा बाण लागणारच'. आकडे बघू.

बाण ५ किलोचा, वेग सेकंदाला ६० मीटर धरा. १२० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत दोन सेकंद. तेवढ्यात बाण जवळजवळ २० मीटर खाली येतो, म्हणजे तेवढा वर नेम धरायचा. ड्रॅगन आडवा, सेकंदाला ३० मीटरने उडत असेल तर तो दोन सेकंदांत ६० मीटर पुढे गेलेला असतो. जड गाडा हाताने वळवत, डोळ्यांच्या अंदाजाने ६० मीटर पुढचा नेम? पहिल्यांदाच यंत्र हाताळणाऱ्या माणसाला ते जमणार नाही. ब्रॉनचा पहिला बाण चुकतो, अगदी योग्य.

दुसरा लागतो, तेही योग्य, कारण आता ड्रोगॉन सरळ त्याच्याकडे येतोय. समोरून येणाऱ्या लक्ष्यासाठी बाजूचा नेम शून्य. अंतर झपाट्याने कमी होतं, बाण खाली यायला वेळच राहत नाही. ६० मीटरवर सोडला तर ड्रॅगनही पुढे येत असल्याने भेट पाऊण सेकंदाच्या आत होते आणि बाणाचा उतार जेमतेम सव्वादोन मीटर. लेखकांनी हे मुद्दाम केलं असो वा नसो, मांडणी बरोबर आहे. पहिला बाण डेनेरिसला यंत्राकडे वळवतो, आणि ते वळणंच दुसरा बाण लागण्याचं कारण ठरतं.

चूक आहे ती पुन्हा ताणण्याच्या वेळेत. त्या बाणाची ऊर्जा निघते ९,००० ज्यूल. यंत्रात निम्मी वाया जाते धरलं तर माणसाला १८,००० ज्यूल घालावे लागतील. रहाट फिरवणारा एक तगडा माणूस थोडा वेळ १५० वॉट देतो. म्हणजे दोन मिनिटं. दोन माणसं असती तर एक मिनिट. पडद्यावर ब्रॉन एकटा ते काही सेकंदांत करतो. ही सवलत मी देतो, कारण संकलनात मधला वेळ कापला आहे असं धरता येतं. त्या वेळात ड्रोगॉन दुसरीकडे गुंतलेला दिसतो.

जाता जाता, आठव्या सीझनशी तुलना करा. चौथ्या भागात सर्सीच्या बाजूच्या युरनच्या जहाजांवरून सुटलेले बाण डेनेरिसच्या दुसऱ्या उडत्या ड्रॅगनला, ऱ्हेगलला, लागोपाठ लागतात, पाचव्या भागात तीच यंत्रं शहराच्या तटावर डझनांनी असून एकही लागत नाही. नियम लेखकाच्या सोयीने बदलले की असं होतं. म्हणून मला 'स्पॉइल्स' जास्त भरवशाचा वाटतो.

---

सांजवेळ

एक साधा प्रश्न. दोथ्राकी तिकडे पोचलेच कसे? डेनेरिसची जहाजं तर युरनने बुडवली होती.

---

रिकीब

सांजवेळ, डेनेरिसच्या बाजूच्या यारा ग्रेजॉयचा ताफा दुसऱ्या भागात गेला आणि तिच्या अनसलीड पायदळाला नेणारी जहाजं तिसऱ्या भागात कॅस्टर्ली रॉक किल्ल्याजवळ. पण याच भागात डेनेरिसचा सल्लागार आणि जेमीचा भाऊ असलेल्या टिरियनच्या तोंडी वाक्य आहे की दोथ्राकींना मुख्य भूमीवर न्यायला पुरतील एवढी जहाजं शिल्लक आहेत. एका ओळीत भोक बुजवलं आहे. आकडा बघायचा तर तेराव्या शतकातली घोडे वाहणारी तरीदा नावाची गलबतं २० ते ३० घोडे घेत. ५,००० घोड्यांना २०० गलबतं लागतात, किंवा ५० गलबतांच्या चार खेपा. डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटापासून अंतर कमी असल्याने खेपा शक्य आहेत. लांबच्या समुद्रप्रवासानंतर घोड्यांना पाय मोकळे करायला दिवस लागतात, तीही अडचण इथे नाही.

---

तराफा

धाग्याचा गाभा पाण्यात आहे, तर पाण्याबद्दल बोलू.

माणसाची छाती हवेने भरलेली असताना तो पाण्यात दोन-तीन किलोने तरंगतो. हवा सोडली की बुडू लागतो. २० किलो पोलादाचं चिलखत पाण्यात साडेसतरा किलो भरतं, कारण पोलाद पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड. म्हणजे छाती भरलेली असली तरी जेमीला खाली ओढणारं निव्वळ वजन १५ किलोच्या आसपास. त्यात तुटलेल्या उजव्या हाताच्या जागी बसवलेला सोन्याचा हात. भरीव असेल तर ७ किलो सहज, पोकळ असेल तर एक-दीड.

१५ किलोच्या ओढीने पाठीवर आडवा बुडणारा माणूस सेकंदाला अर्धा ते पाऊण मीटर खाली जातो. तीन मीटर खोल नदीत पाच-सहा सेकंदांत तळ. इथे पहिली चूक : शेवटच्या शॉटमध्ये तळ दिसतच नाही. पाणी अथांग आहे. डेनेरिस ज्या काठावर उभी आहे तो उथळ, हळूहळू उतरणारा. जेमी घोड्यावरून पडला तेव्हा वेग सेकंदाला १२ मीटर धरला आणि ब्रॉनच्या धडकेने बाजूला दोन-तीन मीटरचा वेग मिळाला, तर दीड मीटर उंचीवरून पाण्यापर्यंत अर्ध्या सेकंदात तो काठापासून दीड मीटर आत जातो, फार नाही. तेवढ्यात एवढी खोली? नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ पोखरतो, तिथे असा एकदम खड्डा असतो. पण मग तो काठ कापलेला, उभा दिसायला हवा होता.

दुसरी अडचण ब्रॉनची. हाताला धरायला काही नसलेला पोहणारा पायांच्या बळावर वर ५ ते १० किलो तोलू शकतो. १५ किलो नाही. त्यामुळे 'ब्रॉनने ओढून काढलं' एवढं पुरेसं नाही. दोन मार्ग होते. एक, तळावर पाय रोवून उड्या मारत उथळ बाजूला येणं. तळ दाखवला असता तर हे चाललं असतं. दोन, चिलखताचे पट्टे कापणं. छाती-पाठीच्या पत्र्याला खांद्यावर दोन आणि बगलेत दोन असे पट्टे धरा. भिजलेलं चामडं फुगतं, बक्कल सुटत नाही. आणि जेमीला एकच हात आहे. डाव्या हाताने डाव्या खांद्याचा पट्टा सोडवणं जवळपास अशक्य. म्हणजे सुरी असलेल्या दुसऱ्या माणसाशिवाय तो मेलेला आहे. ब्रॉनकडे सुरी असणं अगदी स्वाभाविक. १० सेकंदांचं काम.

तिसरी, अंतर. लढून दमलेल्या माणसाचा श्वास पाण्याखाली २०-३० सेकंद टिकतो. प्रवाह सेकंदाला एक मीटर असला तर ३० मीटर वाहत जाल. पलीकडच्या काठावर, धूर लांब दिसेल इतक्या अंतरावर पोचायचं तर मध्ये डोकं वर काढायलाच हवं, तेही किती तरी वेळा. आणि काठावर विजयी घोडदळ उभं आहे.

एक गोष्ट मात्र पूर्ण बरोबर : आगीपासून पाण्यात पडणं. आगीची झळ पाण्याच्या वरच्या अगदी पातळ थरातच शोषली जाते. हातभर खोल गेलात तरी तुम्ही सुरक्षित. ब्रॉनने दुसरं काहीही केलं असतं तर दोघं गेले असते.

---

पडद्यामागे

लढाईची आग खरी का वाटते, याबद्दल थोडं. चित्रीकरण स्पेनमध्ये कासेरेसजवळच्या लोस बारुएकोसला झालं. स्टंट चमूने या प्रसंगात ७३ वेळा माणसं पेटवली, आणि एका शॉटमध्ये एकाच वेळी २० जण पेटलेले होते. असा माणूस अग्निरोधक कपड्यांचे थर आणि थंड जेल लावून उभा असतो, श्वास रोखलेला असतो, आणि काही सेकंदांनंतर विझवणारे त्याच्यावर धावतात. धावणारी, पडणारी शरीरं खरी असल्यामुळे संगणकाने घातलेली ड्रॅगनची आग त्यांच्याशी जुळते.

सैनिकांची क्षणात राख होणं हे अर्थात अशक्य. शरीर साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ८००-१००० अंशांच्या भट्टीतही राख व्हायला दीड-दोन तास जातात. पण ड्रॅगनची आग वेगळी हे मालिकेचं गृहीतक असल्याने ते मी सोडून देतो.

---

उत्कंठा

सगळ्यांचे हिशेब वाचले. मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण हा क्लिफहँगर वाईट आहे हेच मला मान्य नाही.

क्लिफहँगरचे दोन प्रकार करू. एक 'जगला की मेला'. दुसरा 'आता हा काय करील'. पहिला प्रकार मुख्य पात्रावर फार कमी वेळा चालतो, कारण प्रेक्षकाला उत्तर माहीत असतं. याच मालिकेतल्या जॉन स्नोचा खून १४ जून २०१५ ला दाखवला, तो उठला १ मे २०१६ ला. साडेदहा महिने चर्चा 'कसा उठेल' याचीच होती, 'उठेल का' याची फारच थोडी. तरी तो प्रसंग टिकला, कारण मरण्याची किंमत कथेत मोजली गेली. मेल्यामुळे त्याची पहारेकऱ्यांची शपथ संपली आणि तो उत्तरेकडची लढाई लढायला मोकळा झाला.

जेमीच्या बाबतीत बुडणं हा प्रश्नच नव्हता. त्याने काय पाहिलं, हा होता. एका दुपारी त्याचं सैन्य जळून गेलं. पुढच्या भागात तो सर्सीला सांगतो की ही लढाई आपण जिंकू शकत नाही. ते उत्तर मिळालं. भावनिक हिशेब पूर्ण झाला, तराफा यांचा भौतिक हिशेब राहिला. मला पहिला जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

अंबारी

उत्कंठा, तुमची विभागणी मान्य, निष्कर्ष नाही. प्रश्न 'त्याने काय पाहिलं' हा असेल तर शेवटची चौकट टिरियनच्या चेहऱ्यावर हवी होती. तो टेकडीवरून भावाला आगीच्या तोंडी जाताना बघतोय, ओठांतल्या ओठांत पळ म्हणतोय. त्याचा भाऊ, त्याची राणी, दोघांपैकी एक मरणार. त्या भागातला खरा ताण तिथे आहे. लेखकांनी मात्र कॅमेरा पाण्याखाली नेला, चिलखत दाखवलं, सोन्याचा हात दाखवला, अंधार दाखवला. म्हणजे 'वजन' हाच प्रश्न त्यांनीच विचारला. मग उत्तरही वजनाचंच द्यायला हवं.

आणि पकडलं जाणं ही याहून मोठी शक्यता होती. जेमी डेनेरिसच्या हाती लागला असता तर टिरियनला तोंड उघडावंच लागलं असतं. जगला-मेला यापेक्षा तो प्रश्न आठवडाभर जास्त टोचला असता. 'ईस्टवॉच'मध्ये हा प्रसंग टार्ली बाप-लेकांवर केला आहे, गुडघे टेका किंवा मरा. चांगला आहे, पण तिथे टिरियनचं रक्ताचं कोणी नाही.

---

नेमबाज

पकडला असता तर सर्सीची बाजू कोण सांभाळणार? ब्रॉनच्या उरलेल्या कथेचं काय? कथानकाला जेमी राजधानीत हवाच होता.

---

अंबारी

हवा होता, मान्य. मग त्याला परत आणायची किंमत दाखवा. चिलखत नदीत गेलं, सोन्याचा हात गेला, एवढं पुरे होतं. सर्सीसमोर तो हाताशिवाय उभा राहिला असता.

---

तराफा

हे सहज करता आलं असतं. हाताचं वेष्टण मनगटाला पट्ट्यांनी बांधलेलं असतं, ब्रॉनने आधी तोच पट्टा कापायचा, मग खांद्याचे दोन, मग बगलेतले. क्रमही बरोबर बसतो, कारण बुडताना जेमीचा हात वर आहे, म्हणजे ब्रॉनला पहिल्यांदा तोच सापडेल. पाण्याखालचे चार शॉट : तळावर आपटलेली टाच, सुरी, सुटलेला पत्रा, मोकळा झालेला खांदा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला १५ सेकंद.

---

उत्कंठा

हे मला आवडलं. पण मग शोध का घेतला नाही, याचंही उत्तर द्या. राणीवर भाला घेऊन धावलेला शत्रूचा सेनापती पाण्यात पडला आहे. दोथ्राकींनी दोन्ही काठांनी घोडे सोडले तर एक किलोमीटर खालपर्यंत जायला दोन-तीन मिनिटं. कोणीच जात नाही. चिलखताच्या वजनापेक्षा मला हे जास्त खटकतं.

---

रिकीब

त्याला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे. पलीकडच्या काठावर जायला घोड्यांना उतार शोधावा लागतो, आणि जिथे माणूस बुडतो तिथे उतार नाही. अलीकडच्या काठावर जळते गाडे आणि धूर, दृष्टी पन्नास हातांची. शिवाय ड्रोगॉनच्या खांद्यात बाण आहे, त्याच्या आसपास घोडा फिरकणार नाही. म्हणजे पहिली पाच-दहा मिनिटं जेमीला मिळतात. त्यानंतर मात्र शोध न घेण्याचं कारण मला सापडत नाही. टिरियनने मुद्दाम शोध थांबवला असं एक वाक्य टाकलं असतं, तर तेही बसलं असतं आणि पुढे डेनेरिसचा त्याच्यावरचा विश्वास का ढासळतो, त्याची पहिली वीटही तिथेच रचली गेली असती.